कथेवर अश्लीलतेची तक्रार: माफीपत्रावर सही करण्याआधी हे वाचा

तुमच्या दिवाळी अंकातल्या कथेवर तक्रार झाली, चौकशीला बोलावणं आलं आणि जो तो 'माफीपत्र देऊन मोकळे व्हा' म्हणतोय, हे वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या छोट्या अंकावर हेच गुदरलं होतं. मी वकील नाही, हे आधीच सांगतो.

वकील, जामीन हे तुम्ही बघालच. मला माझ्या एका चुकीबद्दल लिहायचंय.

एका कार्यालयात मला तीन तास बाकावर बसवून ठेवलं. टेबलावर अख्खा अंक नव्हताच; एका पानाची झेरॉक्स होती, चार ओळींखाली लाल रेघा. साहेबांनी तोंडी मजकूर सांगितला, मी उतरवून घेतला: 'सदर कथेतील मजकूर अश्लील असून तो अनवधानाने छापला गेला.' खाली सही, शिक्का. वाटलं, सुटलो. प्रत्यक्षात त्या ओळीने मी माझ्याच लेखिकेला दोषी ठरवून आलो होतो. पुढे दर तारखेला तोच कागद पुढे यायचा. ती माझ्याशी आजही बोलत नाही.

अश्लील काय ते ठरवायचा अधिकार ना माझा होता, ना त्या साहेबांचा. १९६४ साली रणजित उदेशी खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १८६८ची इंग्रजी हिक्लिन कसोटी (सुट्या ओळींवरूनही मजकूर अश्लील ठरवणारी) धरली होती. २०१४मध्ये अवीक सरकार प्रकरणात ती सोडली. आता आजच्या समाजाची धारणा आणि संपूर्ण कृती बघतात. म्हणून चार ओळींच्या झेरॉक्सवर बोलूच नका. पूर्ण अंक द्या, पोच घ्या. 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या कथेवरून लेखक चंद्रकांत काकोडकरांना खालच्या न्यायालयात शिक्षा झाली होती, १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. मला हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

माफी मागूच नये असं मात्र मी म्हणणार नाही. वसंत दत्तात्रेय गुर्जरांच्या गांधींवरच्या कवितेच्या खटल्यात (२०१५) बिनशर्त माफी मागणारा प्रकाशक सुटला, कवीवरचा खटला मात्र चालू ठेवला गेला. म्हणजे माफीचा फायदा होतो, पण कुणाला, ते बघा. माझं मत विचाराल तर 'भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत' इथपर्यंत ठीक. 'अश्लील' हा शब्द स्वतःच्या हाताने लिहू नका. वकिलाने वेगळं सांगितलं तर त्याचं ऐका. कथेत एखादा महापुरुष असेल तर जास्तच सांभाळा. गुर्जरांच्याच निकालात अशा व्यक्तींबाबत कसोटी अधिक कडक धरली आहे.

आणखी एक. पाठिंबा मिळावा म्हणून ते पान फेसबुक-व्हॉट्सॲपवर टाकू नका. छापील अंकाला भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ लागतं, पहिल्यांदा दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. ऑनलाइन गेलात की आयटी कायद्याचं कलम ६७: पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. अंक १ जुलै २०२४च्या आधीचा असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम २९२ लागेल, तेवढी तारीख तपासा.

उद्या चौकशीला जाण्याआधी लेखकाला फोन करा, काय लिहून देणार ते वाचून दाखवा. मी तो फोन केला नव्हता.