'अट : वापरलेली' नव्हे, आणि नुसते 'जुने'ही नव्हे

म्हापशाहून एका तरुणाने विचारले आहे : गोव्यातल्या गोव्यात वस्तू विकता-घेता याव्यात म्हणून आम्ही मित्र एक ॲप करतो आहोत. प्रत्येक वस्तूपुढे इंग्रजीत 'कंडिशन' असा रकाना आहे आणि त्यात न्यू, युज्ड, रिफर्बिश्ड, डॅमेज्ड असे चार पर्याय. मराठी करताना यंत्राने 'कंडिशन'चे 'अट' केले. ते बरोबर आहे का? आणि 'युज्ड'साठी नुसते 'जुने' चालेल का?

पहिल्याचे उत्तर नाही. दुसऱ्याचेही नाहीच, पण त्यामागचे कारण फार सुंदर आहे.

'अट' आधी उरकतो. गेली काही वर्षे फोनवर 'अट : चांगली', 'अट : वापरलेली' असे वाचतो आहे आणि दर वेळी जेवताना दाताखाली खडा यावा तसे होते. अट घालतात, मान्य करतात, पाळतात, मोडतात, शिथिल करतात. फ्रिजला यातले काय करता येते? त्याच पानाच्या तळाशी 'अटी व शर्ती लागू' असते, म्हणजे एका पानावर एकच शब्द दोन ठिकाणी, आणि त्यातला एक धडधडीत चूक. दोष एकट्या यंत्राचा नाही. रकान्याचे नाव मागचा-पुढचा एकही शब्द न देता भाषांतराला पाठवले, की ते कोशातला पहिला अर्थ उचलणारच. तुमच्या भाषांतराच्या फाइलमध्ये त्या शब्दाशेजारी 'वस्तूची स्थिती, करारातली अट नव्हे' एवढी टीप लिहा. माणूस असो की यंत्र, दोघांनाही ती पुरते.

शब्द 'स्थिती' हाच घ्या. तो कोणी समितीत बसून घडवलेला नाही. वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिराती 'सुस्थितीतील स्कूटर विकणे आहे', 'चालू स्थितीतील पंप' असे वर्षानुवर्षे छापत आल्या आहेत. 'अवस्था' सुचवणारे जाणकार आहेत. त्यांनी 'काय अवस्था झाली बघ!' हे वाक्य एकदा मोठ्याने म्हणून पाहावे. त्या शब्दात कीव येऊन बसली आहे. विकाऊ कपाटावर तो लावू नये.

आता 'जुने'. 'जुना' शब्द 'जीर्ण'वरून आला असे शाळेपासून सांगितले जाते आणि चांगली शिकलेली माणसेही ते बिनदिक्कत लिहितात. 'जीर्ण'चे प्राकृतात 'जिण्ण' झाले. त्यातून मराठीत 'उ' कुठून येणार? 'चूर्ण'चा 'चुण्ण' आणि पुढे 'चुना' झाला, तसाच 'जूर्ण'चा 'जुण्ण' आणि पुढे 'जुना'. हा 'जूर्ण' ऋग्वेदाइतका जुना आहे. 'जीर्ण' त्याचा सख्खा भाऊ आहे, बाप नव्हे. दोघांचा धातू एकच, झिजणे-जिरणे या अर्थाचा. त्याच घरातले जरा, जर्जर, अजीर्ण, आणि आपले रोजचे 'जिरणे'. म्हणजे 'जुना' हा शब्द मुळात दिवस मोजत नाही. तो झीज सांगतो.

मग दिवस मोजणारा शब्द कोणता? तो तुमच्या दाराशीच आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कान देऊन उभे राहा. गिऱ्हाईक विचारते, "नवें काय पोरणें?" कोंकणीतले हे 'पोरणें' म्हणजे संस्कृत 'पुराण'. आणि इथे 'न' आणि 'ण' यांनी किती इमानाने हिशेब ठेवला आहे पाहा. प्राकृतातल्या जोड 'ण्ण'चा आपल्याकडे 'न' होतो : कर्ण, कण्ण, कान, पर्ण, पण्ण, पान, तसाच जुना. एकटा 'ण' मात्र 'ण'च राहतो : पानीय, पाणिअ, पाणी, तसेच पोरणें. 'जुना'तला 'न' आणि 'पोरणें'तला 'ण' आपापली वंशावळ अंगावर घेऊन बाजारात उभे आहेत. मला याचा आनंद लपवता येत नाही.

'पुराण' म्हणजे काय? वेदांतल्या शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन यास्काने हाच प्रश्न विचारून उत्तर दिले आहे : पुरा नवं भवति. जे पूर्वी नवे होते ते. तुमच्या रकान्यासाठी याहून नेमकी व्याख्या कोणी केली नसेल! वैयाकरण याला नाक मुरडतात. त्यांच्या मते 'पुराण' म्हणजे 'पुरा भवम्', पूर्वी झालेले, एवढेच. त्यातला 'ण' प्रत्ययाचा आहे, त्याचा 'नव'शी काही संबंध नाही. शब्दाची बांधणी म्हणून त्यांचे बरोबर आहे. पण बांधणी सांगितली म्हणजे अर्थ सांगून झाला असे धरणारी माणसे शब्दाची हाडे मोजतात आणि चेहरा बघत नाहीत. यास्काने चेहरा पाहिला. पोरणी वस्तू ही एके काळची नवी वस्तू, हे त्याला सुचले आणि त्यांना नाही.

यावरून माझे एक ठाम मत आहे. मराठीत आपण 'जुनेपुराणे' म्हणतो. व्याकरणाची पुस्तके असल्या शब्दांना समानार्थी जोडशब्द म्हणून एका ओळीत निकालात काढतात. 'बाजारहाट'ला ते ठीक आहे. तिथे फारसी 'बाजार' आणि देशी 'हाट' अशा दोन घरच्या शब्दांची सोयरीक आहे. पण 'जुने' आणि 'पुराणे' एकाच घरचे. एकाच घरात एकाच कामाला दोन शब्द कशाला पोसतील? 'जुने' झीज सांगते, 'पुराणे' वय सांगते. जुनेपुराणे लुगडे म्हणजे विरलेलेही आणि फार दिवसांचेही. ही जोडी पुनरुक्तीची नाही, बेरजेची आहे, असे मी मानतो आणि उलट पुरावा दिसेपर्यंत मानणार.

हे निव्वळ शब्दांचे कौतुक म्हणून सांगत नाही. तुमच्या ॲपची खरी अडचण याच ठिकाणी आहे. किनाऱ्याकडच्या गावांत काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या भाड्याच्या स्कूटर्स पाहा. एखादी जेमतेम दीड वर्षाची असते, पण दर चार दिवसांनी नवा पाहुणा तिला वाळूतून आणि खाऱ्या वाऱ्यातून पिदाडतो. ती पोरणी नाही, पण जुनी आहे. उलट माझ्या मावशीकडे पितळेची एक समई आहे, घेतल्यापासून धोतराच्या तुकड्यात गुंडाळून फडताळात ठेवलेली. तीस वर्षांत तिच्यात वात पडलेली नाही. ती पोरणी आहे, पण जुनी नाही. या दोन्हींना तुम्ही 'जुने' असा एकच शिक्का मारलात, तर घेणाऱ्याला काय कळले?

तेव्हा वय आणि झीज यांचे दोन रकाने करा. खरेदीचे वर्ष एकीकडे, स्थिती दुसरीकडे. वाहन असेल तर 'उघड्यावर किती पावसाळे' हा तिसरा प्रश्न गोव्यात तरी विचारायलाच हवा. तुमचे चार इंग्रजी पर्याय बहुधा स्कीमा डॉट ऑर्ग या संकेतस्थळांसाठीच्या, २०११पासूनच्या सामायिक शब्दावलीतले आहेत. तिच्यात वस्तूच्या स्थितीसाठी हेच चार आहेत, आणि त्या चारांत वयाला जागा नाही.

आणि साठवताना शब्द साठवू नका, संकेतांक साठवा. ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर नव्याला १०००, वापरलेल्याला ३०००, केवळ सुट्या भागांसाठी विकायच्या वस्तूला ७००० असे आकडे आहेत आणि मध्ये जागा मोकळ्या आहेत. आकडा एकच राहतो. वर दिसणारा शब्द मराठीत वेगळा, कोंकणीत वेगळा. तसे केले की पुढे कोणी 'अट'सारखी चूक केली तरी ती एका ओळीत दुरुस्त होते, हजार जाहिराती धुंडाळाव्या लागत नाहीत.

मराठीची जी खोच इंग्रजीवाल्यांना कधी सुचत नाही ती ही : आपली विशेषणे लिंग बघून वाकतात. नवा फ्रिज, नवी सायकल, नवे कपाट. ॲपला सायकलीचे लिंग ठाऊक नसते. म्हणून न वाकणारे शब्द निवडा. 'नवीन' वाकत नाही, 'नवा' वाकतो. 'डॅमेज्ड'साठीचा 'नादुरुस्त' वाकत नाही, 'मोडका' वाकतो. अर्थानेही 'नादुरुस्त'च बरा, कारण मोडक्या खुर्चीवर बसता येते, नादुरुस्त पंप मात्र पाणी चढवत नाही. तुटके-फुटके पण चालू असेल तर ते वर्णनात लिहू द्या. 'सेकंडहँड'ही वाकत नाही, आणि तो मराठीत एवढा रुळण्याचे एक कारण तेच असावे. त्याला परका म्हणून हाकलण्याच्या मी विरुद्ध आहे. मराठीच हवा असेल तर 'वापरलेले' असे नपुंसकलिंगी रूप ठेवा. वस्तूचे नाव ठाऊक नसताना आपण तेच वापरतो.

'रिफर्बिश्ड'ला 'नूतनीकृत' लिहिणाऱ्यांनी थांबावे. नूतनीकरण परवान्याचे होते. 'जीर्णोद्धार' अर्थाने चपखल आहे, पण गोव्यातल्याच नार्व्याच्या सप्तकोटेश्वराच्या देवळासाठी शिवाजी महाराजांनी १६६८ साली जे करवले त्याला शोभणारा शब्द मोबाइलवर चिकटवणे मला जड जाते. 'तपासून दुरुस्त केलेले' लिहा. लांब आहे, पण त्यात तपासल्याची हमी आहे, आणि गिऱ्हाईक पैसे त्या हमीचेच मोजते.

राहिला शोध. लोक 'जुन्या सायकली' असे टाइप करतील, कोशातले 'जुना' कोणी लिहिणार नाही. जुना, जुनी, जुने, जुनं, जुन्या ही सगळी रूपे एकाच ठिकाणी पोचली पाहिजेत. सेकंडहँड, सेकंड हॅण्ड, सेकंड हँडही तिथेच. त्यांच्या शेजारी पोरणो, पोरणी, पोरणें, पोरण्या बसवा. दाखवताना 'ण' नीट दाखवा, पण घाईत कोणी 'पोरनें' लिहिले तर त्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नका.