एफएलएक्स४ वर हळदी-वराती वाजवायच्या तर रेकॉर्डबॉक्स, सेरातो की व्हर्च्युअल डीजे?

एफएलएक्स४ हा कंट्रोलर (लॅपटॉपला जोडून गाणी मिसळायचं यंत्र) घेऊन झालाय आणि कामं लग्नांचीच धरायची आहेत, तर या तीन डीजे सॉफ्टवेअरांपैकी माझं मत व्हर्च्युअल डीजेला.

आधी पैशांचं बघू. एफएलएक्स४ जोडला की रेकॉर्डबॉक्स फुकटात चालतं. सेरातो डीजे लाइटही फुकट, प्रो मात्र विकत. व्हर्च्युअल डीजे घरी माउस-कीबोर्डवर फुकट. कंट्रोलर जोडलात की लायसन्स हवं, नाहीतर तो दहाच मिनिटं चालतो. क्रॅकच्या (चोरीच्या कॉपीच्या) नादी लागू नका. ऐन वरातीत बंद पडलं तर नवरदेवाचे मित्र तुम्हालाच नाचवतील.

मग व्हर्च्युअल डीजेच का? फर्माईश आली की गाणं पटकन सापडतं, आणि एलईडी स्क्रीन लावली असेल तर व्हिडिओ मिक्सिंग आतच आहे. चालू गाण्यातून आवाज, ढोलकी वेगळी काढायची सोय (स्टेम्स) त्यात २०२० मध्ये आली, सेरातोत २०२२ मध्ये. जुना लॅपटॉप त्यात धापा टाकतो, म्हणून नेहमीच्या गाण्यांचे स्टेम्स घरूनच तयार करून न्या.

आपल्या गाण्यांचा खरा घोळ बीपीएममध्ये (मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांत) होतो. सहा-आठच्या ठेक्यातलं कोळीगीत घ्या. पायाला १०० चा वेग लागतो आणि स्क्रीनवर १५० दिसतात. दुप्पट-निम्मं करायची बटणं इथे कुचकामी, कारण हवं असतं दोन तृतीयांश. मिक्स (Mixxx) नावाच्या पूर्ण फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये नेमकं तेच बटण आहे! बाकीच्यांत ठेका हातानं टॅप करून बीपीएम बसवता येतो. जुन्या गाण्यांत तर वादकांचा वेगच मागेपुढे होतो. रेकॉर्डबॉक्समध्ये अशा गाण्यांचं ॲनालिसिस 'डायनॅमिक'वर ठेवा. तरी ग्रिड (ठोक्यांच्या खुणा) हललेलं दिसलं तर सिंक (आपोआप वेग जुळवणं) बंद करा आणि सरळ कानानं मिसळा.

सेरातो वाईट नाही. स्क्रॅचिंगवाले त्यावर जीव टाकतात, पण हळदीत स्क्रॅच ऐकायला कोण थांबतंय?

रेकॉर्डबॉक्स मात्र काढून टाकू नका. उद्या पुण्या-मुंबईच्या किंवा गोव्याच्या क्लबमध्ये संधी मिळाली तर तिथे बहुतेक सीडीजे (पेनड्राइव्हवरून गाणी वाजवणारे डीजे प्लेअर) असतात. रेकॉर्डबॉक्समधून पेनड्राइव्हवर एक्स्पोर्ट केलेल्या प्लेलिस्ट, क्यू पॉइंट (गाण्यात ठेवलेल्या जागांच्या खुणा), ग्रिड सगळं त्यांवर जसंच्या तसं उघडतं, लॅपटॉप न्यावाच लागत नाही. महिन्याकाठी नवी गाणी रेकॉर्डबॉक्समध्येही टाकत जा.