अडकित्त्याने कातरलेली गोळी

कर्करोगाच्या रुग्णांच्या घरी जाते तेव्हा एक प्रश्न हमखास कानावर येतो: "मॅडम, मॉर्फिनने प्रतिकारशक्ती जाते म्हणे, खरं का?" ज्या घराची गोष्ट सांगतेय, तिथे तो कुणी विचारलाच नव्हता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

काकांना जबड्याचा कर्करोग, केमो चालू. वेदनेसाठी दर चार तासांनी मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी ठरलेली, तरी ते रात्रभर भिंतीला टेकून, गालावर पंचा दाबून बसायचे. मी गोळ्या मोजायला घेतल्या, तर त्या उरतच होत्या. मग स्टीलच्या डबीत अर्धे-अर्धे तुकडे सापडले आणि शेजारी अडकित्ता. याच अडकित्त्याने काका वर्षानुवर्षं सुपारी कातरत आले होते.

मुलाचा चेहरा उतरला. "मोबाईलवर वाचलं मॅडम. केमोने आधीच अंगात काही उरलेलं नाही, त्यात ही गोळी. निदान अर्धी तरी कमी जावी म्हटलं."

त्याला रागावणं मला जमलं नाही. बापाला वाचवायलाच तो हे करत होता. शिवाय त्याने वाचलेलं खोटं नव्हतं, आणि ते खोटं आहे असं सांगून त्याची समजूत काढणं मला पटलं नसतं.

म्हटलं, "दादा, जंतूंशी लढणाऱ्या पेशींवर मॉर्फिनचा परिणाम होतो, हे खरंय. प्रयोगशाळेत जंतू गिळणाऱ्या आणि बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या, दोन्ही तऱ्हेच्या पेशी त्याने मंदावलेल्या दिसतात. आतडंही सुस्तावतं. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात अशी औषधं घेणाऱ्यांमध्ये न्यूमोकोकस जंतूचे गंभीर संसर्ग जास्त आढळले. पण वेदना अंगाला काय करते, ते वाचलंत का?"

तो गप्प.

सतत दुखत असलं की शरीर धोक्याच्या घंटेवरच जगतं. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, झोप उडते, घास उतरत नाही. या सगळ्यानेही प्रतिकारशक्ती खचते. शस्त्रक्रिया केलेल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत तर मॉर्फिनने वेदना शमवल्यावर या पेशींचं काम कमी बिघडलेलं दिसलं. म्हणजे अर्धी गोळी देऊन काकांची ताकद वाचत नव्हती, उलट झोप आणि जेवण दोन्ही जात होतं. पांढऱ्या पेशी घटायला केमो कारणीभूत होती, गोळी नव्हे.

काकू एवढा वेळ दाराशी उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "मग सवय लागली तर?" वेदनेसाठी ठरलेल्या मात्रेत घेतलेलं मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे, हे त्यांना नीट समजावलं. शरीराला मात्र सवय होते, म्हणून गोळी मनाने एकदम तोडायची नाही. कमी करायची झालीच तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

त्याच वेळी डॉक्टरांना फोन लावला. मधले दिवस अर्धी मात्रा गेली होती, म्हणून पुढची मात्रा त्यांनाच ठरवू दिली. हे विचारणं फार गरजेचं असतं. एका रुग्णाला मॉर्फिनऐवजी बुप्रेनॉर्फिन या दुसऱ्या वेदनाशामकाची त्वचेवर चिकटवायची पट्टी दिल्याचं मी पाहिलंय. तोही निर्णय डॉक्टरांचाच. काकांच्या गोळीसोबतचं पोट साफ होण्याचं औषध मुलाने "जुलाब होतील" म्हणून बंद केलं होतं, तेही पुन्हा सुरू झालं.

मुलाला खरी राखण कशाची करायची ते दाखवलं. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला किंवा थंडी वाजली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा आणि मॉर्फिन चालू आहे हे तिथे आधी सांगायचं. मनाने पॅरासिटामॉल देऊन ताप दाबायचा नाही.

अकराव्या दिवशी रात्री पावणेदोनला त्याचा फोन आला. ताप १०१. रिक्षातूनच बोलत होता. पांढऱ्या पेशी खाली आल्या होत्या. सलाईनमधून अँटिबायोटिक लगेच सुरू झालं आणि सहाव्या दिवशी काका घरी आले.

नंतर गेले तेव्हा ते आडवे होऊन झोपले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलाने प्रत्येक तारखेखाली गोळीच्या वेळा आणि ताप लिहून ठेवला होता. काकू म्हणाल्या, "उठवू का?"

मी नको म्हटलं.