ज्यांच्या पैशावर शिकतेय, त्यांना तोंड कसं दाखवू?

सत्र परीक्षांचे निकाल लागले की ठाण्यातल्या माझ्या समुपदेशन केंद्रात हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी मुलं बहुधा घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. शिष्यवृत्ती देणारं, त्याच कॉलेजात शिकून बाहेर पडलेलं एखादं जोडपं.

अशीच एक दिघ्याची मुलगी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात कंत्राटी कामगार, आई ऐरोलीत घरकाम करते. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गणितात (एम-थ्रीमध्ये) केटी लागली, म्हणजे तो विषय राहिला. 2024 पासून राज्याने ठरावीक गटांतल्या, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क माफ केलंय. पण लोकलचा पास, लॅपटॉप, पुस्तकं उरतातच. तो खर्च शिष्यवृत्ती देणारं असंच एक जोडपं, तिचे काका-काकू म्हणून ओळखीचे, उचलत होतं. निकालानंतर तिने त्यांचे फोन घेणं बंद केलं. कॉलेज सोडून डेटा एंट्रीचं काम धरायचं नि पैसे फेडायचे, असं ठरवूनच ती आली होती.

"त्यांनी पैसे परत मागितले?"

"नाही मॅडम. पण मी त्यांचा विश्वास मोडला."

"कसला विश्वास?"

"मी कधीच नापास होणार नाही, असा."

"असं ते म्हणाले होते?"

ती गप्प झाली. मी तिला मोबाइलमधलं शिष्यवृत्तीचं पत्र मोठ्याने वाचायला लावलं. प्रवास, पुस्तकं, लॅपटॉप यांसाठी पैसे. दर सत्राला निकाल कळवावा. "यातलं तू काय केलं नाहीस?" बराच वेळ ती ते पत्र वर-खाली सरकवत राहिली. मग म्हणाली, "फक्त निकाल कळवला नाही."

या क्षणासाठी मी हे काम करते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझी भिस्त आहे: माणसाला घटना मोडत नाही, त्याने स्वतःवर लादलेली सक्ती मोडते. तिने शिष्यवृत्तीचं कर्ज करून टाकलं होतं. बँकेच्या शैक्षणिक कर्जाला निदान हप्ता असतो, मुदत असते. हिच्या कर्जाला दोन्ही नव्हतं, मग ते फिटणार कधी? त्यात घरी केटी म्हणजे काय हे कुणाला माहीत नाही. वडिलांच्या लेखी नापास म्हणजे शिक्षण संपलं. राहिलेला विषय पुन्हा परीक्षा देऊन सुटतो, हे जे दोघं तिला सांगू शकले असते, त्यांचेच फोन ती कापत होती.

माझ्यासमोर बसून तिने काकूंना मेसेज लिहिला. आधीची माफीच माफी खोडली. कुठला विषय राहिला, फॉर्म कधी भरणार, कुठे अडतंय, एवढंच ठेवलं. संध्याकाळी काकूंचा फोन आला: "एम-थ्रीच ना? तुझ्या काकांचाही तोच राहिला होता."

मुलांनो, वाईट निकाल त्याच आठवड्यात कळवा, आणि पुढे काय करणार तेही लिहा.

मदत करणाऱ्या जोडप्यांना मात्र मला जास्त सांगायचंय. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले. आणि कर्मवीरांनी मुलांना कमवून शिकण्याचा मानही दिला. तो मान राखा. स्टेजवर बोलावून कुणाच्या घरची गरिबी वाचून दाखवू नका. गुणपत्रिका मागण्याआधी तुमचं स्वतःचं अडलेलं सत्र त्यांना सांगा. फोनही फक्त निकालाला नको. सत्र सुरू होतानाच एकदा करा, वर्गात काय चाललंय एवढंच विचारायला.