दारात कॅमेरा येईल म्हणून तो गप्प राहिला

शाळेतली पालकसभा संपून चहा आला, की कुणीतरी बाबा कप हातात घेऊन बाजूला येतात आणि हळू आवाजात विचारतात, "मॅडम, मुलांना फसवणाऱ्या माणसांना पकडतात ना, ते व्हिडिओ मी मुलाला मुद्दाम दाखवतो. बरोबर करतो ना? निदान भीती तरी बसेल." गोव्यात डिचोलीपासून फोंड्यापर्यंत बऱ्याच शाळांत समुपदेशक म्हणून मला हा प्रश्न आला आहे.

ज्यांनी हे व्हिडिओ बघितले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एखादा मोठा माणूस तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचं किंवा मुलाचं खोटं प्रोफाइल बनवतो. चॅटवर कुणी गळाला लागला की त्याला भेटायला बोलावतो. तो आला की चारपाच जण कॅमेरे घेऊन त्याला घेरतात आणि त्याचं चॅट मोठ्याने वाचतात. तो हात जोडतो, रडतो, कधी मार खातो. लाखो लोक ते बघतात.

माझं उत्तर 'दाखवू नका' असं आहे. का, ते एका घरात घडलेलं सांगते. आई, बाबा आणि मुलगा, तिघांनीही हो म्हटलं म्हणून लिहिते आहे. ओळख पटेल असा प्रत्येक तपशील काढला किंवा बदलला आहे. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या २३ व्या कलमाने मुलाची ओळख उघड करायला मनाई आहेच. ते कलम नसतं तरी मी हेच केलं असतं.

आई पहिल्यांदा एकटीच आली. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होऊन पंधराएक दिवस झाले होते. खुर्चीत बसता बसताच म्हणाली, "मॅडम, ह्या वर्षी त्याने घुमट हातात घेतलंच नाही."

घुमट म्हणजे मातीचं, चामड्याने मढवलेलं वाद्य. सहा वर्षांचा असल्यापासून आरतीला ते त्याचंच. ह्या वर्षी सगळा वाडा जमला, काका साथीचं शामेळ हे वाद्य घेऊन बसले, आणि हा गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीच्या बाजूला भिंतीला टेकून, मांडीवर फोन पालथा ठेवून. फोन थरथरला की दचकायचा. बाबांना वाटत होतं गेमचं व्यसन लागलंय, फोन काढून घेतला की सुटेल. आईला तसं वाटत नव्हतं. "व्यसन लागलेलं पोर फोनकडे बघतं," ती म्हणाली. "हा फोनला घाबरतो."

मुलगा चौदा वर्षांचा. पहिल्या दोन भेटींत फुटबॉल आणि शाळा ह्यांच्यापलीकडे काही बोलला नाही. तिसऱ्या भेटीत त्याने टेबलावरच्या माझ्या लॅपटॉपकडे बोट केलं. "हा चालू आहे?" मी लॅपटॉप मिटला. तरी तो माझ्या मोबाईलकडे बघत राहिला. मी मोबाईल खणात टाकून खण बंद केला. तेव्हा त्याने खांदे खाली सोडले.

पहिल्याच भेटीत मी त्याला एक गोष्ट सांगितली होती, सगळ्याच मुलांना सांगते: तू बोललास ते इथेच राहील, पण कुणी तुला इजा करतंय असं कळलं तर ते मी लपवून ठेवू शकणार नाही. पोक्सोच्या १९ व्या कलमाने ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. हे सांगितल्यावर मुलं बोलणार नाहीत, अशी भीती मला सुरुवातीच्या वर्षांत वाटायची. अनुभव उलटा आहे. पुढे काय होणार हे आधी कळलं की मूल बोलतं.

एका ऑनलाइन गेममध्ये त्याला एक 'दादा' भेटला होता. इंजिनिअरिंगला आहे म्हणायचा. गेममधल्या वस्तू भेट द्यायचा, हरला तर समजूत काढायचा, रोज 'जेवलास का?' विचारायचा. महिन्याभराने म्हणाला, गेमच्या चॅटमध्ये मजा येत नाही, दुसऱ्या ॲपवर ये. तिथे गप्पा बदलल्या. फोटो मागितले. दोन पाठवल्यावर तिसरा मागताना दादाचा सूर बदलला: नाही पाठवलास तर हे दोन तुझ्या वर्गाच्या ग्रुपवर टाकतो.

हे तीन महिने चाललं होतं. मी विचारलं, "आईला सांगावंसं वाटलं नाही?"

"बाबा ते व्हिडिओ बघतात," तो म्हणाला.

आधी मला कळलं नाही. मग त्याने सगळं सांगितलं. रविवारी नुस्त्याचं, म्हणजे मासळीचं, जेवण झालं की बाबा टीव्हीला फोन जोडायचे आणि त्याला बाजूला बसवायचे. पकडलेला माणूस हात जोडायला लागला की म्हणायचे, "पळय, पळय, कसो कांपता तो!" (बघ, बघ, कसा थरथरतोय तो!) एकदा चॅट वाचून दाखवत होते तेव्हा बाबा बोलून गेले, "पण ही पोरं तरी काय कमी असतात? उत्तरं द्यायची कशाला?"

"मी पण उत्तरं दिली होती," मुलगा म्हणाला. "आणि सांगितलं असतं तर आमच्या दारात पण कॅमेरा आला असता. माझं चॅट पण असंच वाचलं असतं."

ह्या व्हिडिओंवर माझा मुख्य आक्षेप इथे आहे. त्यांत मूल नसतंच. समोरच्या टोकाला सगळं ठाऊक असलेला, न घाबरणारा, लाज न वाटणारा मोठा माणूस मुलाच्या नावाने लिहीत असतो. खरं मूल कसं गुंततं, भेटवस्तूंचं ओझं त्याला कसं वाटतं, फोटो गेल्यावर ते रात्री कसं जागं राहतं, सांगितल्यावर त्याच्याशी कोण कसं बोलतं, ह्यातलं काहीही तिथे दिसत नाही. दिसते ती शिक्षा आणि फजिती. जे मूल आधीच अडकलं आहे ते पडद्यावर स्वतःला शोधतं, आणि फजिती होत असलेल्या माणसाखेरीज त्याला तिथे कुणी सापडत नाही. बाबांनी दाखवलेली भीती बसली होती, पण ती मुलाच्याच मनात.

शिवाय हे व्हिडिओ मुलाला चुकीचा माणूस ओळखायला शिकवतात. बसस्टँडवर घाम पुसत उभा असलेला अनोळखी इसम. एनसीआरबीचे, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे, आकडे वर्षानुवर्षं सांगताहेत की पोक्सोखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीतले असतात. इंटरनेटवरचा माणूससुद्धा मुलाच्या लेखी तोवर अनोळखी उरलेला नसतो, तो 'दादा' झालेला असतो. आणि हे मुलींचंच दुखणं समजू नका. महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचं लैंगिक शोषण सांगितलं होतं, आणि त्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते.

मुलाला विचारून, तो शेजारी बसलेला असताना, मी आईबाबांना सांगितलं. आई रडली नाही. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. बाबा बराच वेळ गप्प होते. मुलगा बाहेर गेल्यावर म्हणाले, "त्याला म्हापशाला बोलावतो. माझे चार मित्र आहेत. व्हिडिओ काढतो आणि घालतो, गोवाभर फिरूदे."

त्या रागाला मी नावं ठेवत नाही. पोटच्या पोराबद्दल हे ऐकून ज्याचा हात शिवशिवणार नाही असा बाप मी पाहिलेला नाही. मी त्यांना टेक्ससची गोष्ट सांगितली.

अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर २००४ ते २००७ मध्ये 'टू कॅच अ प्रिडेटर' हा कार्यक्रम चालला. आजचे हे सगळे व्हिडिओ त्याच वळणावर गेलेत. नोव्हेंबर २००६ मध्ये टेक्ससमधल्या मर्फी गावात असाच सापळा लावला. संशयितांतला एक जण स्वतः सहायक सरकारी वकील होता. तो ठरल्या जागी आला नाही, तेव्हा पोलीस त्याच्या घरी गेले आणि वाहिनीची माणसं कॅमेरे घेऊन तिथे हजर. त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याच्या बहिणीने वाहिनीवर दावा लावला, तो २००८ मध्ये तडजोडीने मिटला. आणि त्या मोहिमेत पकडलेल्या वीसहून अधिक जणांवर तिथल्या सरकारी वकिलाने खटले चालवलेच नाहीत.

"मेला तर मेला," बाबा म्हणाले.

"त्याच्या फोनमध्ये तुमच्या मुलासारखी आणखी किती मुलं होती, ते त्याच्याबरोबर गेलं," मी म्हटलं. "आणि बाकीचे वीस घरी गेले."

गोव्याला हे वेगळं सांगायला नको. मडगावला १९९१ साली फ्रेडी पीटला अटक झाली. तो मुलांचं वसतिगृह चालवायचा, गरीब पोरांना आसरा देणारा म्हणून लोक त्याला मान द्यायचे. पोलिसांच्या हाती शेकडो फोटो आणि निगेटिव्ह लागल्या, आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. भर रस्त्यात कुणी आधी त्याची कॉलर धरली असती, तर त्या निगेटिव्ह चुलीत गेल्या असत्या. पुढे २००३ साली गोव्याने स्वतःचा बालकायदा केला, त्यात फोटो धुणाऱ्या स्टुडिओवरही असे फोटो दिसले तर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी घातली. तो कायदा लिहिणाऱ्यांना कळलं होतं की पुरावा हाती असलेल्या माणसाने तो जपून पोलिसांपर्यंत पोचवायचा असतो.

बाबांनी मान हलवली. आणि त्याच रात्री मुलाच्या खात्यावरून त्या माणसाला एक मेसेज पाठवला. सकाळी पलीकडचं खातं गायब.

सावरलं ते आईमुळे. आदल्या संध्याकाळी, मी सांगितलं होतं त्याप्रमाणे, तिने स्वतःच्या मोबाईलने त्या स्क्रीनचे फोटो काढून ठेवले होते: युजरनेम, प्रोफाइलची लिंक, धमकीचे मेसेज तारीख-वेळेसकट, गेममधला त्याचा आयडी. मुलाच्या फोटोंचा मात्र तिने फोटो काढला नाही, ते कुणाला फॉरवर्डही केले नाहीत. हे फार महत्त्वाचं आहे. "जरा बघ काय आलंय" म्हणून काकाला, मामाला असा फोटो पाठवणं हासुद्धा कायद्याने गुन्हा आहे. फोन जसाच्या तसा पोलिसांकडे द्यायचा, चॅट काढून टाकायचं नाही, पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. एकदा दिले की मागणी वाढते.

तक्रार रायबंदरच्या सायबर गुन्हे पोलीस ठाण्याकडे गेली. प्रकरण अजून चालू आहे, त्याबद्दल लिहीत नाही. कुणाला ठाण्याची पायरी चढवत नसेल तर मुलांसाठीच्या १०९८ ह्या हेल्पलाइनवर फोन करता येतो, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशा फोटो-व्हिडिओची तक्रार नाव न देताही करता येते.

मुलाला सर्वांत मोठी धास्ती होती ती त्या दोन फोटोंची. 'टेक इट डाउन' नावाची एक मोफत सोय आहे, अमेरिकेतली बेपत्ता व शोषित मुलांसाठीची राष्ट्रीय संस्था ती चालवते. फोटो आपल्या फोनमधून कुठेही जात नाही. फोनवरच त्याचा एक आकडी ठसा तयार होतो आणि तेवढाच ठसा पुढे जातो. इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट अशा सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो ओळखून काढू शकतात. आम्ही दोघांनी बसून ते केलं. बटण त्याने दाबलं, मी फोनच्या मागच्या बाजूला बसले होते. सगळीकडून फोटो पुसला जाईल अशी खात्री त्याला दिली नाही, कारण ती कुणीच देऊ शकत नाही. त्याला तेही चाललं. तीन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी त्याच्या हातात होतं.

मग जबाब. त्या सकाळी तो सहा वाजल्यापासून खिडकीत उभा होता, पाववाला पदेर भोंगा वाजवत गेला तरी पाव आणायला उतरला नाही. पोलिसांची गाडी, गणवेश, मागे कॅमेरे, हे त्याच्या डोळ्यांपुढे होतं. आली ती साध्या सलवार-कमीजमधली एक बाई. तिने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, आईने दिलेलं पाणी प्यायली आणि त्याला विचारलं, "कुठे बसूया?" पोक्सोचं २४ वं कलम हेच सांगतं: जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय. हे दृश्य कुठल्याही व्हिडिओत नसतं, म्हणून आपल्या मुलांना ते ठाऊक नसतं. मी आता प्रत्येक पालकसभेत हे सांगते: घरी मुलांना सांगा, तक्रार केली की दारात अशी माणसं येतात.

राहिला प्रश्न फोनचा. बाबांना तो कायमचा काढून घ्यायचा होता. मी म्हटलं, नको. ज्या मुलाला वाटतं की सांगितलं तर फोन जाईल, ते सांगत नाही. त्या माणसाची सगळी मदार ह्याच भीतीवर असते. त्याऐवजी घरात एक वचन ठरलं: काहीही घडो, तू सांगितलंस म्हणून फोन जाणार नाही. सोबत काही साधे नियम, सगळ्यांना सारखे. रात्री चारही फोन बाहेरच्या खोलीत, देव्हाऱ्याजवळच्या सॉकेटवर. गेममधला आवाज ओळखीच्या मित्रांपुरता. इन्स्टाग्रामने अठराखालच्यांसाठी आता वेगळं टीन खातं केलं आहे, ते मुळातच खाजगी असतं आणि अनोळखी लोकांचे मेसेज अडवतं. मुलाने स्वतःचं वय खोटं टाकलं होतं, ते खरं केलं. भेट देणारा, 'कुणाला सांगू नको' म्हणणारा आणि 'दुसऱ्या ॲपवर ये' म्हणणारा, ही तीन लक्षणं त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून काढली. धाकट्या बहिणीला ती त्याने समजावून सांगितली, मी नाही.

रविवारचे व्हिडिओ बंद झाले. शेवटच्या भेटीत बाबा स्वतःहून बोलले, "मी एकदा म्हटलं होतं, ही पोरं काय कमी असतात. ते चुकलं माझं. तुझं काही चुकलं नव्हतं."

मुलगा बराच वेळ बाबांच्या हाताकडे बघत होता. मग म्हणाला, "बाबा, त्या रात्री तू त्याला 'आपण भेटूया का' असं लिहिलंस ना? तिथेच त्याला कळलं. मी 'आपण' कधी लिहीत नाही."