जुन्या महिंद्रा ५४० जीपच्या पुढच्या शाफ्टचा क्रॉस खेळतोय. क्रॉस बदलू, अख्खा शाफ्ट बदलू की काढूनच टाकू?

दादा, तुमच्या प्रश्नातला शेवटचा भाग वाचला आणि राहवलं नाही. एक मिस्त्री म्हणतो अख्खा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे एक्सलला जोर नेणारा दांडा, नवीन टाका, दुसरा म्हणतो पुढचा शाफ्ट काढूनच ठेवा, फोर-बाय-फोर लागतंच कुणाला. दोघांचंही ऐकू नका. क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा अधिकच्या आकाराचा सांधा, तेवढा बदला. पहिल्याला मेहनत नको आहे आणि दुसऱ्याला तुमच्या शिवाराचा रस्ता माहीत नाही.

आमचीही एमएम ५४०च. गाव शहाद्याकडे, पपई आणि ऊस, जमीन सगळी काळी. नानांनी, म्हणजे वडिलांनी, जीप घेतली ती पावसाळ्यात शेतातला माल डांबरी रोडपर्यंत काढायला. तिला फ्री-व्हील हब, म्हणजे पुढची चाकं एक्सलपासून सोडवायची सोय, नाही. त्यामुळे टू-व्हीलमध्ये चालवली तरी पुढची चाकं एक्सलला आणि शाफ्टला फिरवतच राहतात, आणि क्रॉस कोरडा पडला की हळू चालीलाही खालून चिकचिक ऐकू येते. आमच्या जीपची ती चिकचिक ग्रीस मारून थांबण्यासारखी होती. पण तेव्हा गाडी आप्पाच्या हातात होती, आप्पा म्हणजे थोरल्या काकांचा मुलगा. तो म्हणाला, ‘समोरना शाफ्ट कसाले जोयजे?’ (पुढचा शाफ्ट कशाला पाहिजे?) आणि शाफ्ट उतरवून पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागे फेकला. वर डिझेल वाचेल हा हिशोब.

त्या डिझेलच्या हिशोबाचं मला आजही पटत नाही. हब नसलेल्या जीपचा शाफ्ट काढला तरी पुढचा एक्सल आणि डिफरन्शियल (वळताना चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची पेटी) फिरायचे ते फिरतातच. वाचतं ते एका पाइपाचं फिरणं. तेवढ्यासाठी तुम्ही दोन चाकं निकामी करता.

त्याच पावसाळ्यात पपईची तोड आली. व्यापाऱ्याचा ट्रक रोडवर उभा, माल ट्रॉलीत भरलेला, आणि रात्रीतून पाऊस झालेला. आमच्या काळ्या मातीत पाऊस पडला की काय होतं ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. मागची चाकं जागेवर फिरली, ट्रॉलीच्या वजनानं आणखी रुतली आणि मागचा एक्सल मातीला टेकला. पुढची दोन्ही चाकं मात्र बांधाच्या कडक जागेवर होती, चांगला धर होता. त्यांच्यापर्यंत जोर पोचवणारा शाफ्टच गाडीला नव्हता. मजुरांनी कॅरेट डोक्यावर घेऊन सगळा माल रोडपर्यंत नेला. पपईला रगड लागली की व्यापारी भाव तोडतो, तसाच त्याने तोडला. नानांनी तिथंच बांधावर आप्पाला सुनावलं, पण झालेलं नुकसान भरून आलं नाही.

पुढं तो शाफ्ट आम्ही गॅरेजला नेला. क्रॉस उघडला तेव्हा मी शेजारी बसलो होतो. क्रॉसच्या टोकावरचा कप निघाला आणि आतून ग्रीसऐवजी विटकरी भुकटी सांडली. सुयांसारखे बारीक रोलर असतात ना, त्यातले निम्मे गंजून एकमेकांना चिकटलेले. क्रॉसच्या खुंटावर रोलरांनी ओळीनं खाचा पाडल्या होत्या, नख फिरवलं की अडकायचं. एकदा नख अडकलं की त्या क्रॉसला ग्रीस मारून काही होत नाही, तो बदलायचाच.

नवीन क्रॉस टाकले आणि गाडी आधीपेक्षा जास्त हादरायला लागली! गॅरेजवाला म्हणे इंजिनचे माउंटिंग गेले. नानांचे एक जुने मिस्त्री खाली वाकले आणि लगेच म्हणाले, ‘शाफ्टाचे दोन फोर्क एका रेषेत नाहीत.’ फोर्क म्हणजे शाफ्टच्या टोकाचे क्रॉस धरणारे काटे. झालं होतं असं, की शाफ्टचे दोन तुकडे दात्यांवर सरकतात तिथं जोडताना गॅरेजवाल्यानं दाते चुकीचे बसवले. कोनात फिरणारा क्रॉस एका फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ते भरून काढतो, पण शाफ्टचे दोन्ही फोर्क एकाच रेषेत असतील तरच. म्हणून खोलायच्या आधी दोन्ही तुकड्यांवर आणि फ्लँजवर (शाफ्ट बोल्टनं जोडतात त्या तबकडीवर) छिन्नीनं किंवा रंगानं खूण करायची. ही खूण न करता पाना लावणाऱ्या मिस्त्रीकडून गाडी परत घ्या.

आता तुमच्या गाडीचं. चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रल करा आणि खाली जाऊन क्रॉसच्या दोन्ही बाजू हातात धरून उलटसुलट पिळा. खेळ हाताला कळतो. कपाच्या कडेला लाल पावडर दिसली तर प्रश्नच मिटला. एक मात्र लक्षात ठेवा, टू-व्हीलमध्ये क्लच सोडताना ‘टक’ होत असेल तर आधी मागचा शाफ्ट बघा, कारण तेव्हा जोर पुढच्या शाफ्टवर नसतोच. आणि आवाज फक्त स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर येत असेल तर दोष चाकाजवळच्या नकलमधल्या, म्हणजे चाक जिथं वळतं तिथल्या, जॉइंटमध्ये. ते काम वेगळं आणि मोठं.

क्रॉस बसवताना घण नको, व्हाइस (शिकंजा) पाहिजे. एका बाजूला लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला मोठं, आणि सावकाश दाबायचं. नवीन कपातला एखादा रोलर आडवा पडून तळाशी गेला तर कप पूर्ण बसत नाही आणि सर्कलिप, म्हणजे कप अडवणारी कडी, खाचेत जात नाही. अशा वेळी ठोकणारे फार आहेत. ठोकायचं नाही, कप काढून रोलर ग्रीसमध्ये पुन्हा उभे करायचे. बसल्यावर क्रॉस हातानं चारी दिशांना मोकळा हलला पाहिजे. मग निप्पलमधून, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडातून, चारही कपांच्या सीलकडून ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारा, तीनच कपांतून आलं तर काम अर्धवट आहे. निप्पल नसलेला सीलबंद क्रॉस आमच्यासारख्या चिखलपाण्यात मी कधीच घेणार नाही. गोमाई नदीच्या पाण्यातून गाडी घातली की घरी आल्यावर ग्रीसगन हातात घ्यायची ही आमच्याकडे आता सवयच आहे.

खर्चाचं म्हणाल, तर क्रॉस आणि मजुरी मिळूनही नव्या शाफ्टच्या जवळपास जात नाही. पण हेही सांगतो, फोर्कचं भोक लांबट झालं असेल आणि नवा कप त्यात अंगठ्यानं जात असेल, किंवा सरकत्या दात्यांमध्ये खेळ असेल, तर नुसता क्रॉस टिकणार नाही. मग फोर्क किंवा शाफ्ट बदलावाच लागेल, तिथं तुमचा पहिला मिस्त्री बरोबर ठरेल. आणि क्रॉस चांगला राहायचा असेल तर कोरड्या डांबरावर फोर-बाय-फोर लावून वळणं घेऊ नका. या गाड्यांना मधला डिफरन्शियल नाही. वळताना पुढच्या-मागच्या चाकांनी कापलेलं अंतर वेगळं पडतं, सगळा पीळ शाफ्टांवर येतो.

सामान येईपर्यंत शाफ्ट उतरवून गाडी चालवायला हरकत नाही. टू-हाय (दोन चाकांच्या नेहमीच्या गिअरात) मध्येच ठेवा, लो लावू नका, नाहीतर सगळा जोर मागच्या एकट्या शाफ्टवर जाईल. काढलेला शाफ्ट ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून छपराखाली ठेवा. आप्पा अजूनही म्हणतो की त्या दिवशी चूक पावसाची होती. पाऊस दरवर्षी येतो, शाफ्ट त्याने काढला होता.