गावासाठी चित्रपट कसे निवडावेत?

प्रश्न : ब्रह्मपुरी तालुक्यातील आमच्या गावी वाचनालयातर्फे दर शनिवारी रात्री समाजमंदिरात चित्रपट दाखविण्याचे ठरले आहे. वडीलधाऱ्यांना संतपट हवेत, तरुणांना मारधाडीचे. महिला मंडळाला अजून कोणी विचारलेलेच नाही. निरनिराळ्या काळांतले आणि प्रकारांतले चित्रपट कसे निवडावेत? जुने चित्रपट संथ वाटून लोक उठून जातील, अशीही भीती वाटते.
– एक वाचक, जिल्हा चंद्रपूर

उत्तर : आपली भीती मला पटत नाही. धान घरात आल्यावर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवसांत झाडीपट्टीचे नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते, आणि ते शेवटच्या प्रवेशापर्यंत बसून पाहणारा प्रेक्षक केवळ संथपणामुळे उठत नाही. पडद्यावरच्या माणसांशी आपले नाते काय, हे त्याला उमगले नाही तरच तो उठतो. म्हणून यादी सालवार करू नये, प्रकारांचे वाटे पाडूनही करू नये. गावाला ठाऊक असलेला एक विषय धरावा आणि त्यावरचा एक जुना व एक नवा चित्रपट लागोपाठच्या शनिवारी दाखवावा.

कर्जाचाच विषय घ्या. बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा जमीन’मधला (१९५३) शंभू जमीनदाराचे देणे फेडून जमीन वाचविण्यासाठी कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मधला (२००९) किसना आपल्याच विदर्भातला कापूस उत्पादक आहे, शेजाऱ्याने आत्महत्या केल्यावर त्याची बायको धास्तावते आणि त्याला क्षणभरही एकटे सोडत नाही. एक गाव सोडतो, दुसरा गावातच पावसाची वाट पाहतो. हे दोन्ही लागोपाठ पाहिल्यावर मधल्या ५६ वर्षांत काय बदलले, यावर लोक आपणहून बोलू लागतील. मात्र गावातल्या एखाद्या घरात असे दुःख घडले असेल, तर दुसरा चित्रपट लावण्याआधी त्या घरी जाऊन विचारावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

संतपटांमध्ये प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) निःशंकपणे निवडावा. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ मध्ये त्याचा गौरव झाला. पण मला तो जिजाईसाठी प्रिय आहे, कारण मुलगा आजारी पडल्यावर थेट देवावर पायताण उगारणारी ती संसारी बाई आजही अनोळखी वाटत नाही. त्यानंतरच्या शनिवारी जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ (१९८२) दाखवावा, ज्यात सुलभा महिला सुधारगृहाच्या कामासाठी घराबाहेर पडते. ही जोडी महिला मंडळाच्या सल्ल्याने ठरवावी.

सार्वजनिक खेळासाठी हक्कधारकाची परवानगी लागते, ती आधीच मिळवावी.

तरुणांच्या आवडीला कमी लेखू नये. त्यांना ‘शोले’ (१९७५) दाखवावा आणि मग कुरोसावा यांचा ‘सेव्हन सामुराई’ (१९५४). दरोडेखोरांपासून पीक वाचविण्यासाठी गरीब शेतकरी केवळ भाताच्या जेवणावर सात योद्धे आणतात, अशी त्याची कथा आहे. चित्रपट तीन तासांहून मोठा आणि जपानी भाषेतला असल्याने एखाद्या शिक्षकांनी मधूनमधून मराठीत सांगत जावे. लढाई संपल्यावर शेवटी ढोलाच्या ठेक्यावर धानाची रोवणी चाललेली दिसते. ते दृश्य आपल्या गावातल्या बायांना कोणी समजावून सांगावे लागणार नाही. हा चित्रपट आषाढात, रोवणी सुरू होण्याच्या आधीच्या शनिवारी लावावा.